औषधाचा डबा

मी एक डबा बोलतोय. पाच लिटरचा, पांढरा, वर धरायला कडी आणि निळं झाकण. उथळ पाण्याला खळखळाट फार, असं तुम्ही म्हणता. माझ्यात तर आता थेंबभरही पाणी नाही, तेव्हा आवाज जरा मोठा आला तर सांभाळून घ्या.

माझा जन्म कारखान्यात झाला. गरम प्लास्टिकमध्ये हवा फुंकली आणि मी झालो. आई नाही, बाप नाही, बारसं मात्र थाटात झालं. अंगावर कागद चिकटवला. त्यावर लांबलचक इंग्रजी नाव, एक रंगीत चौकोन आणि मुंगीएवढ्या अक्षरांत ढीगभर सूचना. अंगावर असूनही त्या मला कधी नीट वाचता आल्या नाहीत. माझ्या पोटात जे भरलं त्याचा वास असा, की भरणाऱ्याने नाकातोंडाला फडकं बांधलं होतं. मला वाटलं, आपण कोणीतरी मोठे असणार.

यवतमाळ जिल्ह्यातल्या नेरच्या एका कृषी केंद्रात येऊन बसलो तेव्हा ती समजूत पक्की झाली. येणारा प्रत्येक शेतकरी मला एकाच नावाने ओळखायचा. "अळीचं औषध द्या." "मागचं औषध लागू नाही पडलं, दुसरं द्या." औषध! मी हरखून गेलो. म्हणजे कपाशी आजारी आणि मी तिचा वैद्य. हे नाव मला कोणी दिलं, कशासाठी दिलं, हे मी विचारलं नाही. चांगलं नाव मिळालं की कोण विचारायला जातं?

तो दोन हजार सतराचा हंगाम होता. गुलाबी बोंडअळीने कपाशी आतून पोखरली होती. वरून बोंड गोमटं, फोडावं तर आत काळी सरकी आणि वळवळ. भगवानराव नावाच्या शेतकऱ्याने मला आणि माझ्या दोन भावांना एका पिशवीत घालून वावरात नेलं. आठ-पंधरा दिवसांनी आम्हाला थोडंथोडं पंपात ओतायचं आणि फवारायचं, असं महिना-दीड महिना चाललं. कपाशी बरी झाली का? नाही झाली. त्या हंगामात जिल्ह्यातली फवारणी करणारी कितीतरी माणसं मात्र दवाखान्यात जाऊन पडली, आणि काही परत आली नाहीत. भगवानरावांचे डोळे आठवडाभर चुरचुरले, तेवढ्यावर भागलं. माझी वैद्यकी मला तेव्हाच समजायला हवी होती.

रिकामा झालो तेव्हा वाटलं, आता उकिरडा. पण भगवानरावांच्या घरी त्यांच्या पत्नी इंदुताईंचं राज्य, आणि त्या राज्यात काही वाया जात नाही. त्यांनी मला राखेने तीनदा घासलं. अंगावरचा कागद खरवडून काढला. चार दिवस पत्र्यावर उन्हात ठेवलं. मग जुन्या पोत्याचं कापड माझ्या अंगाबरोबर बेतून शिवलं. ते ओलं केलं की आतलं पाणी दुपारीही गार राहायचं. माझ्या दोन भावांनाही तसेच अंगरखे मिळाले. "धुतला का चांगला असते," इंदुताई म्हणाल्या, आणि मला वावरातल्या पिण्याच्या पाण्यावर नेमलं.

तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला. इंदुताईंनी मला घासलं ते वरून आणि आतून, पण माझ्या अंगात मुरलेलं कसं निघणार? लोणच्याची बरणी कितीही धुवा, झाकण उघडलं की ओळखू येते. तसं माझं होतं. आणि इंदुताईंची चार वर्षांची नात निशिगंधा वावरात आली की पेला शोधायची नाही. दोन्ही हातांनी कडी धरून मला तिरपं करायची आणि तोंडाला तोंड लावून घटाघटा प्यायची. मी किती अंग आवळून बसलो तरी पाणी थांबवणं माझ्या हातात नव्हतं. वर्षभर मी हे पाहिलं. कुढलो खूप. डब्याचं कुढणं कोणाला ऐकू येतं?

पुढच्या वर्षी भाऊबीज झाल्यावर आमच्या वावरासमोर तीन सायकली थांबल्या.

यवतमाळचं कुटुंब होतं. चारुदत्त पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे, त्यांच्या पत्नी भैरवी यांचं औषधांचं दुकान, म्हणजे माणसांच्या औषधांचं. मुलगी प्राची नववीत. दिवाळीच्या सुट्टीत ही तिघं जिल्हाभर सायकलने निघाली होती. यवतमाळहून नेर, मग दारव्हा, दिग्रस, आर्णी आणि शेवटी मारेगाव. तिथल्या एका मंडळाने सत्काराचा मांडव घालायचं ठरवलं होतं. प्रत्येकाच्या सायकलला एक पाटी होती: 'विषाचा डबा घरात नको. धुवा, भोक पाडा, परत द्या.'

ते वाचून मला काय वाटलं हे कसं सांगू? इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्याबद्दल बोलत होतं.

"सायकलीनं काहून फिरून राह्यले? गाडी नाई का घरी?" भगवानरावांनी विचारलं.

"आहे ना. पण गाडीतून आलो असतो, तर तुम्ही थांबवून विचारलं असतं का?" चारुदत्त म्हणाले.

भगवानरावांना ते पटलं. त्यांनी तिघांना बाभळीच्या सावलीत बसवलं. भैरवींनी सांगितलं, की मागच्या वर्षी त्यांच्या दुकानात एका बाईने लेकराला तापाची गोळी दिली आणि वरून पाणी पाजलं ते फवारणीच्या डब्यातलं. त्या दिवसापासून हे डोक्यात बसलं. "विषाच्या डब्यात पाणी भरू नका एवढंच सांगत फिरतोय," त्या म्हणाल्या.

इंदुताईंनी मनापासून मान हलवली. "बराबर हाय तुमचं. विषाच्या डब्ब्यात कोण पाणी भरीन? घरात लहान लेकरं राह्यते."

आणि मग त्यांचं लक्ष सायकलींच्या चिमुकल्या बाटल्यांकडे गेलं. "अवं बाई, याच्यात कितीक पाणी मावते? ऊन किती तापून राह्यलं. थांबा." त्या उठल्या, मला काठोकाठ भरलं, माझा अंगरखा भिजवला आणि चारुदत्तांच्या सायकलच्या कॅरिअरवर स्वतःच्या हाताने मला ट्यूबने बांधलं. "नेजा. कधी इकडं आले तं देजा वापस. घरी अजून दोन हायत मायाजवळ."

बघा, इंदुताई खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांच्या घरात विष कधी आलंच नव्हतं. आलं होतं ते औषध. आणि शहरातल्या या तिघांनी मला असं पोत्यात गुंडाळलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या पाटीवर माझं चित्र होतं, पण ते उघड्या अंगाचं. "किती सुंदर कल्पना आहे," भैरवी म्हणाल्या. "घरगुती फ्रिज."

असा मी, माझ्याच विरुद्धच्या मोहिमेच्या पाठीवर बसून निघालो. हसायला हरकत नाही, पण मला हसू येत नव्हतं.

दोन दिवस आम्ही चाललो. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेली कपाशी, कुठे हिरवीगार तूर, सोयाबीन काढून मोकळी पडलेली रानं. प्राची पुढे, तिच्या मागे भैरवी, शेवटी चारुदत्त आणि मी. गाव आलं की पारावर थांबायचं, चारुदत्त चार शब्द बोलायचे. लोक शांतपणे ऐकायचे, बरोबर आहे म्हणायचे, चहा पाजायचे. समोरच्याच ओसरीवर माझ्यासारखाच एखादा पोत्यातला डबा असायचा, पण त्याच्याकडे कोणाची नजर जायची नाही. निघताना तिघं माझ्यातलं पाणी प्यायची आणि हातपंपावर मला पुन्हा भरायची. सगळ्यांत जास्त पाणी चारुदत्तांना लागायचं.

"बाबा, पाण्याला वास येतोय," प्राची दिग्रसच्या अलीकडे म्हणाली.

"पोत्याचा असेल. गावाकडे असंच असतं."

पोरीने नाक मुरडलं आणि पुढे आपल्या बाटलीतलंच प्यायली. तिच्या नाकाला मी मनातल्या मनात दंडवत घातला.

तिसऱ्या दिवशी दुपारी, आर्णीच्या अलीकडच्या एका गावात चारुदत्तांचं डोकं गरगरायला लागलं. उलटी झाली. भैरवींनी त्यांना समाजमंदिराच्या ओट्यावर निजवलं, आपल्या पिशवीतल्या दोन गोळ्या दिल्या आणि शाळेत रात्रीची सोय होते का ते बघायला त्या गावात गेल्या. प्राची बापाच्या उशाशी बसली. मी सायकलवर होतो.

वेचणीवरून बायामाणसं परतत होती. ओट्यावर निजलेला शहरी माणूस पाहून थबकली. त्यांत डोमाजी होता, गावातला फवारणीवाला. मागच्या हंगामात तोही आठ दिवस दवाखान्यात पडून आला होता.

"काय झालं वं पोरी तुह्या बाबाले?"

"काही नाही काका," प्राची म्हणाली. "बाबांनी औषध घेतलंय. झोपलेत."

औषधाच्या दुकानदारणीची मुलगी ती. तिच्या घरी रोज हेच वाक्य बोललं जातं. पण ओट्यासमोरच्या माणसांनी त्यातून वेगळंच ऐकलं. एका बाईच्या डोक्यावरचं कापसाचं गाठोडं खाली पडलं.

"कव्हा घेतलं?" डोमाजीने विचारलं.

"अर्धा तास झाला."

"किती घेतलं?"

"दोन."

"दोन झाकणं?" म्हणत डोमाजीने ओट्यावर उडी घेतली. पुढचं इतक्या वेगाने झालं, की प्राचीला तोंड उघडायला सवड मिळाली नाही. कोणी मिठाचं पाणी आणलं. दोघांनी चारुदत्तांना उठवून बसवलं. ते जागे झाले तेव्हा एका अनोळखी माणसाची दोन बोटं त्यांच्या घशात होती. कोणी ऑटो सुरू केला. "झोपू देऊ नका त्याले, गाल थापडा," कोणीतरी ओरडत होतं. हे सगळं करायला त्या गावाला कोणी सांगावं लागलं नाही. प्रत्येकाला आपलं काम ठाऊक होतं, इतक्यांदा ते झालेलं असावं.

"डब्बा कुठं हाय?" डोमाजी म्हणाला. "डॉक्टर पह्यले डब्बा मांगते." त्याने आजूबाजूला पाहिलं आणि त्याची नजर माझ्यावर थांबली. त्याने विळ्याने माझा अंगरखा टरकावला.

तेवढ्यात भैरवी धावत आल्या. "अहो, काय करताय? मी दिलं औषध. उलटीची गोळी आहे ती!"

क्षणभर कोणाला काही समजलं नाही. मग समजलं. बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या, चारुदत्त थुंकत थुंकत हसले, ऑटोवाल्याने ऑटो बंद केला. प्राचीला मात्र रडू फुटलं.

डोमाजी हसला नाही. त्याने मला उलटं धरलं होतं आणि माझ्या बुडाशी उठवलेल्या कंपनीच्या खुणेवरून तो अंगठा फिरवत होता.

"मॅडम," तो म्हणाला, "गोळी तं तुम्ही देली. हे कोणी देलं?"

भैरवींनी मला पाहिलं. मी त्यांच्यासमोर पहिल्यांदाच उघडा होतो. पाटीवरच्या चित्रासारखा, हुबेहूब.

चारुदत्तांना आर्णीच्या दवाखान्यात नेलं, डॉक्टरांना दाखवायला मलाही, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ठेवून घेतलं. "उन्हानंही असं होतं, डब्यानंच झालं असं मी सांगू शकत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण त्यातलं पाणी पुन्हा पिऊ नका." डोमाजी सकाळी भाकरी आणि वांग्याची भाजी घेऊन आला. प्राचीने त्याला विचारलं, "काका, विषाला तुम्ही औषध का म्हणता?"

"दुकानदार म्हणते, साहेब म्हणते, म्हणून आमीबी म्हणतो."

"आणि कोणी प्यालं तरी?"

डोमाजीने भाकरीचं फडकं सोडलं. "तरीबी. विष खाल्लं म्हटलं तं घराची बदनामी होते, पोरी. औषध घेतलं म्हटलं का मानूस बिमार होता असं वाटते."

मी तेव्हापासून माझ्या त्या नावाचा अभिमान सोडला.

दवाखान्याबाहेर नवराबायकोचं वाजलं. चारुदत्त म्हणाले, "मारेगावला परवा मांडव आहे. वेळेत पोचलं पाहिजे. आणि हे कोणाला सांगू नका, लोक हसतील. लोकांना शिकवायला निघालो आणि स्वतःच दोन दिवस प्यालो."

"हसू द्या," भैरवी म्हणाल्या. "त्या इंदुताईंच्या घरी अजून दोन डबे आहेत. घरात लहान लेकरं आहेत, ती त्यातलंच पाणी पीत असणार."

"फोन करू."

"नंबर आहे? आणि फोनवर काय सांगणार, तुम्ही प्रेमाने दिलेलं पाणी विषारी होतं?"

चारुदत्तांनी खिशात हात घातला. नकाशा काढला, बघितला, घडी घालून ठेवला. मग त्यांनी सायकलचं तोंड वळवलं, नेरकडे. दोन दिवसांची आलेली वाट पुन्हा मागे. दिग्रसला त्यांनी पाण्यासाठी नवा जग घेतला आणि मला रिकामाच मागे बांधलं. माझा फाटका अंगरखा प्राचीने घडी करून पिशवीत ठेवला.

रस्ताभर एकच प्रश्न होता, इंदुताईंना सांगायचं कसं? पाणी पाजणाऱ्याला असं सांगणं म्हणजे जेवून उठल्यावर ताटाला नावं ठेवणं. भैरवींनी वाक्यं जुळवली आणि मोडली. शेवटी अंगणात उभं राहून त्यांना एकही आठवलं नाही. चारुदत्तच म्हणाले, "ताई, आमच्या हातून चूक झाली. आम्ही औषधाच्या डब्यातलं पाणी प्यालो. आम्हाला ओळखता आला नाही."

इंदुताईंनी कॅरिअरवर उघड्या पडलेल्या मला पाहिलं. मग प्राचीच्या हातातलं पोत्याचं कापड पाहिलं, स्वतःच्या हातचे टाके पाहिले.

"औषधाच्या?" त्या हळूच म्हणाल्या. त्यांच्या तोंडून तो शब्द मी हजारदा ऐकला होता. आज तो त्यांनी असा उच्चारला, जणू पहिल्यांदाच ऐकत होत्या. "मीच देलता. तुमची काय चूक?"

"धुतलेला होता की," भगवानराव मध्येच म्हणाले. "वर्षभर आम्ही पिऊन राह्यलो. काय झालं कोणाले? आन वावरात पाणी कायच्यात नेऊ? माठ घेऊन जाऊ का डोक्यावर?"

त्यांचं खोटं नव्हतं. चारुदत्तांनी सायकलला बांधलेला पाण्याचा नवा जग सोडून ओट्यावर ठेवला. "एक तर घ्या. बाकी दोन डब्यांच्या जागी काय, ते मला माहीत नाही."

इंदुताई आत गेल्या. माझे दोन भाऊ घेऊन आल्या, भरलेले. त्यांतलं पाणी घरामागच्या बांधावर नेऊन ओतलं, तुरीपासूनही लांब. मग म्हणाल्या, "द्या तं तुमच्या सायकलीचा पेचकस."

त्यांनी पहिल्या भावाच्या बुडाला पेचकसाचं, म्हणजे स्क्रू ड्रायव्हरचं, टोक लावलं आणि वर दगड मारला. प्लास्टिक चिवट, पाच-सहा घाव लागले. दुसऱ्याला कमी. मग माझी पाळी आली. खरं सांगतो, भीती वाटली. दुखेल म्हणून नाही. भोक पडलं की डबा डबा राहत नाही, आणि मला चांगला टिकाऊ म्हणून इंदुताईंनीच नावाजलं होतं. "लय बेइमान निघाला तू," त्या मला म्हणाल्या, आणि दगड मारला. मला बरं वाटलं. कोणीतरी एकदाचं तोंडावर बोललं.

तेवढ्यात निशिगंधा खेळून आली, घामाघूम. अंगणात पडलेला मी तिला दिसलो. अंगरखा नव्हता तरी कडी ओळखीची होती. तिने नेहमीसारखं मला दोन्ही हातांनी उचललं, तोंडाला लावलं आणि डोकं मागे टाकलं.

एक थेंबही पडला नाही.

तिने मला हलवून पाहिलं. आत वाकून पाहिलं. "आजी, यात नाई," ती रुसून म्हणाली. इंदुताईंनी तिला कडेवर घेतलं, आत नेलं आणि माठातलं पाणी पाजलं. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

मारेगावला आम्ही पाच दिवस उशिरा पोचलो. मांडव सुटला होता. एसटी स्टँडजवळ पंधरा-वीस माणसं जमली. चारुदत्तांनी पाटीवरचा 'विषाचा' शब्द खोडून 'औषधाचा' केला होता. भाषण प्राचीने केलं, तेही एवढंच: "हा औषधाचा डबा आहे. याच्यातलं पाणी माझे आईबाबा दोन दिवस प्याले. आम्ही हेच सांगत फिरत होतो, तरी आम्हाला कळलं नाही." कोणी हसलं नाही. गर्दीतली एक बाई निघून गेली आणि थोड्या वेळाने पोत्यात गुंडाळलेला डबा घेऊन परत आली.

आता मी यवतमाळला चारुदत्तांच्या गच्चीवर असतो. माझ्याबरोबर आणखी चाळीसेक भाऊबंद आहेत, सगळे बुडाला भोक असलेले. 'परत द्या' असं पाटीवर लिहिलं होतं खरं, पण परत कोणाला द्यायचं हे अजून ठरलेलं नाही. चारुदत्त अर्ज लिहितात, कार्यालयात जाऊन विचारतात, उत्तराची वाट बघतात. आम्हीही बघतो. आम्हाला घाई नाही, आम्ही शेकडो वर्षं टिकतो म्हणे. तीच तर अडचण आहे.

तुमची रजा घेण्याआधी एकच मागणं. मी चांगला दिसतो, हलका आहे, झाकण घट्ट बसतं. टाकून द्यायला तुमचा जीव होणार नाही, हे मला माहीत आहे. धुतला की चांगला, असं तुमच्याही मनात येईल. येऊ द्या. पण त्याच वेळी तुमच्या घरातलं कोणीतरी लहान, तहानलेलं, बाहेरून धावत येत असेल. त्याच्या आधी माझ्यापर्यंत पोचा, आणि भोक पाडा.